धोंडू, पेद्रू आणि तुझ्या लेकीचं नाव

विचारलंय ते थोडक्यात असं. गुहागरकडची एक नवी आई आहे, लेक आठ दिवसांची, बारसं बाराव्या दिवशी म्हणजे अगदी तोंडावर आलंय. नक्षत्र रोहिणी, भटजींनी अक्षरं दिलीत ओ, वा, वी, वू. हिच्या मनात आरवी, अनया नाहीतर मायरा, पण नेटवर एकेका नावाचे तीन साइटवर तीन अर्थ. घरात आजेसासूबाई आहेत, वय ८८, नाव भिकीबाई, त्यांच्या गेलेल्या यजमानांचं नाव धोंडू, आणि सासूबाईंना वाटतं म्हातारीचं नाव कुठंतरी राहावं. ती लिहिते, "काकू, भिकी आणि धोंडू अशी नावं आईबाप ठेवूच कशी शकतात, आणि एखाद्या नावाचा खरा अर्थ ओळखायचा कसा?"

आधी अभिनंदन गं, आणि घाबरू नकोस, चार दिवस पुष्कळ झाले. मी ३२ वर्षं संस्कृत शिकवलं, आधी अलिबागकडे, मग हर्णै-दापोलीच्या पट्ट्यात आणि शेवटची वर्षं वेंगुर्ल्याला. संस्कृतच्या बाई म्हटल्यावर बारशाची नावं विचारायला लोक येतातच, पण मला नावांचं वेड लागलं ते शाळेच्या जनरल रजिस्टरमुळे, दर जूनला नवीन प्रवेशाच्या नोंदी करायचं काम माझ्याकडे असायचं आणि एकाच पानावर धोंडू, दाऊद, दुमिंग, सोम्या असे एकाखाली एक यायचे. आपला किनारा असा आहे की गलबतातून जे जे उतरलं त्यातली नावं इथंच राहिली, त्यामुळे जगभरच्या नावांचं बोलायला मला लांब जावं लागलं नाही.

आता तुझी नावं घेते. आरवी. साइट म्हणते शांती, हो ना? संस्कृतात रु असा धातू आहे, आवाज करणे, ओरडणे. त्याच्यापासून रव, कलरव, आणि आरव म्हणजे आवाज, ओरडा, गलका. शांत तो नीरव, ज्यात रव नाही असा. कुणीतरी नीरवचा अर्थ उचलून आरवला लावला आणि मग सगळ्यांनी तोच एकमेकांचा उतरवून घेतला. आणि कोश कशाला हवा गं, आपला कोंबडा पहाटे काय करतो? आरवतो. तोच शब्द आहे. म्हणजे नाव वाईट नाही, पहाटेची चाहूल म्हणून कुणाला आवडेलही, पण शांती म्हणून ठेवणार असशील तर ते तिथं नाहीये.

अनया. यात तर तीन वेगवेगळे शब्द एकत्र कालवलेत. नय म्हणजे नीती, त्याला अ लागला की अनय, अनीती, वाईट वागणूक. दुसरं, संस्कृत व्याकरणात अनया हे 'हिने' अशा अर्थाचं सर्वनामाचं रूप आहे, इदम् शब्दाचं स्त्रीलिंगी तृतीया एकवचन, दहावीला पाठ केलं असशील. तिसरं, आपल्या गवळणींमध्ये राधेच्या नवऱ्याचं नाव अनय आहे. आणि साइटवर जो 'काळजी घेणारी, देवाची कृपा' असा अर्थ दिलेला असतो तो अरबी इनाया या शब्दाचा, त्याचा वरच्या तिन्हींशी काही संबंध नाही. हे असं का होतं सांगू का, या साइट चालतात रोमन लिपीवर. इंग्रजी अक्षरांत लिहिलं की ऱ्हस्व-दीर्घ जातं, त आणि ट एक, द आणि ड एक, न आणि ण एक, ल आणि ळ एक. अनया, अनाया, इनाया हे सगळे तिथं जवळपास एकाच स्पेलिंगवर येऊन बसतात आणि मग ज्याला जो अर्थ गोड वाटला तो चिकटवला जातो. म्हणून माझा पहिला नियम, नाव आधी देवनागरीत नीट लिही, काना-वेलांटीसकट, आणि मगच अर्थ बघ.

मायराची गंमत वेगळी. हे नाव इंग्रजीत आलं ते फल्क ग्रेव्हिल नावाच्या कवीकडून, तो १६२८ साली वारला, त्याने आपल्या कवितेतल्या प्रेयसीसाठी ते नाव रचलं. मायरा नावाचं एक प्राचीन गावही होतं, आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, आपल्याकडे नाताळात ज्याला सांताक्लॉज म्हणतात तो मूळचा संत निकोलस तिथला बिशप. आणि राजस्थानात मायरा म्हणजे भाचीच्या लग्नात मामाने आणलेला आहेर. संस्कृत धातू मात्र याला नाही. कवीने रचलेलं नाव म्हणून ते कमी दर्जाचं असं मी मुळीच म्हणणार नाही, नावं कुणीतरी कधीतरी रचलेलीच असतात, पण 'संस्कृतात मायरा म्हणजे अमुक' असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस.

सारखा आवाज म्हणजे सारखं नाव असं समजायचं नाही, हे समजायला समीर बघ. संस्कृत समीर म्हणजे वारा. अरबी समीर म्हणजे रात्री गप्पा मारत बसणारा सोबती. हर्णैला माझ्या एकाच वर्गात दोन समीर होते, एक बंदरावरच्या कोळीवाड्यातला आणि एक मुसलमान मोहल्ल्यातला, दोघंही स्वतःच्या नावाचा अर्थ बरोबर सांगायचे आणि दोघांचे अर्थ वेगळे, आणि दोघंही खरे. किरण आपल्याकडे उजेडाची रेघ, आणि आयर्लंडमध्ये जवळजवळ असंच ऐकू येणारं किअरन हे नाव आहे, त्याचा अर्थ सावळा, काळा. अनिता आपण आपलंच समजतो पण स्पेनमध्ये ते आनाचं लाडकं रूप, छोटी आना, आणि आना मूळची हिब्रू हन्ना, म्हणजे कृपा.

यातलं मला सगळ्यात जास्त आत लागलेलं नाव अंबर. आपल्याला अंबर म्हणजे आकाश, नाहीतर वस्त्र, पीतांबरातलं अंबर. अरबीत अंबर म्हणजे वेगळीच वस्तू, आपल्या किनाऱ्यावर कधीमधी पोलिस पकडतात आणि पेपरात 'व्हेल माशाची उलटी जप्त' म्हणून बातमी येते ती, अत्तरात वापरतात. मलिक अंबर, ज्याने दख्खनमध्ये जमीन महसुलाची पद्धत बसवली, त्याचं नाव आकाशावरून नाही, या सुगंधी वस्तूवरून आहे. तो इथिओपियातला, आईबापांनी ठेवलेलं नाव चापू, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला आणि मालकाने अंबर नाव दिलं. गुलामांना रत्नांची आणि सुगंधांची नावं द्यायची ती रीतच होती. याकूत म्हणजे माणिक, जौहर म्हणजे रत्न, काफूर म्हणजे कापूर. आता आपल्या इतिहासातले हबशी सरदार आठव, पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर, जंजिऱ्याचा सिद्दी याकूत. किती सुंदर अर्थ आहेत नावांचे, आणि ती ज्याने दिली त्याच्या लेखी तो माणूस एक किमती वस्तू होता. मुरूडला राजपुरीच्या जेट्टीवरून किल्ल्याकडे बघताना मला दरवेळी चापू आठवतो. अर्थाच्या यादीत 'अंबर, सुगंधी द्रव्य' एवढंच येईल. नाव कोणी दिलं आणि का दिलं हे यादीत येत नाही, आणि माझ्या मते निम्मा अर्थ तिथंच असतो.

हे डोक्यात ठेव आणि आता धोंडूकडे ये.

धोंडा म्हणजे दगड, यात दुमत नाही. पण पेद्रू माहितीय का तुला? वेंगुर्ला-सावंतवाडीकडे आणि पुढे गोव्यात ख्रिश्चन घरांत असतात, पोर्तुगीज पेद्रोचं आपल्या तोंडात बसलेलं रूप. पेद्रो म्हणजे इंग्रजी पीटर, तो ग्रीक पेत्रोस, म्हणजे खडक. येशूने सायमन नावाच्या कोळ्याला आपल्या माणसांचा पाया म्हणून आरामाईक भाषेत केफा, खडक, असं नाव दिलं, त्याचं ते ग्रीक भाषांतर. म्हणजे रोमच्या त्या एवढ्या मोठ्या चर्चला ज्याचं नाव आहे तो संत पीटर म्हणजे शब्दशः आपला धोंडोबाच. वेंगुर्ल्यात हे मी एकदा वर्गात फळ्यावर लिहिलं, धोंडू बरोबर पेद्रू, तर मागच्या बाकावरचा एक धोंडू, जो हजेरीला कायम पुटपुटल्यासारखा 'हजर' म्हणायचा, तो दुसऱ्या दिवसापासून मोठ्याने म्हणायला लागला. नॉर्वेकडेही स्टाइन नावाचे पुरुष असतात, तोही दगडच.

पण शब्द तोच असला तरी कारण वेगळं. पेद्रूचा खडक पाया म्हणून, भक्कम म्हणून. आपला धोंडू बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक तर अधिक महिन्यात जन्मला असेल, त्याला आपण धोंड्याचा महिनाच म्हणतो. नाहीतर त्याच्या आधीची भावंडं गेली म्हणून. देवी, पटकी, ताप, गावात डॉक्टर नाही, पावसाळ्यात खाडी पार करायला होडी नाही, पाळणा हलला म्हणेपर्यंत रिकामा व्हायचा. अशा घरात पुढचं मूल झालं की आईबाप त्याला चांगल्या नावाने हाक मारायला भ्यायचे. चांगलं नाव ऐकलं की मृत्यूचं लक्ष जाईल, म्हणून म्हणायचं हा दगड आहे, याच्यात नेण्यासारखं काही नाही. दगडू, धोंडू, केरू म्हणजे केर, कोंडाजी म्हणजे कोंडा, भुसा. या नावांत प्रेम कमी नव्हतं गं, प्रेम इतकं होतं की ते मोठ्याने म्हणायची हिंमत नव्हती. आणि दापोलीजवळच्या मुरुडमध्ये वाढलेल्या, विधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य घालवलेल्या आणि भारतरत्न मिळालेल्या महर्षी कर्व्यांचं नावही धोंडोच होतं.

हे फक्त आपलं नाही. नायजेरियातल्या योरुबा लोकांमध्ये वारंवार मुलं दगावतात त्या घरात येणाऱ्या मुलांची वेगळी नावंच आहेत, मालोमो म्हणजे पुन्हा जाऊ नकोस, दुरोजाये म्हणजे थांब आणि आयुष्य भोग, कोसोको म्हणजे कुदळच नाही, थडगं खणायला कुदळ उरलेली नाही. कोसोको नावाचा लागोसचा एक राजाही होऊन गेला. तुर्कस्तानात दुर्सुन, म्हणजे राहो, टिको, आणि याशार, म्हणजे जगतो. चीनमध्ये खेड्यात मुलाला कुत्र्याने टाकलेलं उष्टं अशा अर्थाच्या नावाने हाक मारत. पूर्व युरोपातले ज्यू आजारी मुलाचं नाव बदलून आल्टर ठेवत, म्हणजे म्हातारा, मृत्यू लहान मूल शोधत आला तर त्याला घरात म्हातारा सापडावा. एकमेकांना कधी न पाहिलेल्या आया, आणि युक्ती तीच. मला हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी जनरल रजिस्टर काढून जुन्या पानांवरचे सगळे धोंडू आणि दगडू परत वाचले.

आता भिकीबाई. भीक मागून मिळालेली, देवाकडे पदर पसरून मागितलेली. काही घरांत असं मूल जगावं म्हणून पाच घरी भीक मागून आणलेल्या कापडाचं अंगडं घालत, म्हणजे हे मूल आमचं नाही, भिकेत आलंय, असं दाखवायचं. पुरुषांत भिकाजी, भिकू. तर बायबलमध्ये हन्ना नावाची बाई आहे, मूल होत नाही म्हणून मंदिरात इतकी रडून प्रार्थना करते की पुजाऱ्याला वाटतं ही प्यायलेली आहे. तिला मुलगा होतो, ती त्याचं नाव ठेवते शमुएल आणि कारण सांगते, मी त्याला देवाकडे मागितला. शब्दाची फोड केली तर शमुएलचा अर्थ 'देवाचं नाव' असा काहीसा निघतो, पण आईने सांगितलेली गोष्ट मात्र भिकाजीचीच आहे.

आणि हा शमुएल आपल्या किनाऱ्यावर येऊन काय झाला तर समाजी. मी अलिबागकडे वाढले म्हणून मला हे घरचंच वाटतं. बेने इस्राएल म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, त्यांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज नवगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले, सात जोडपी वाचली. तेल गाळायचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावं गावांवरून, किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. आणि नावं जुनी हिब्रूच, फक्त मराठी जी लावून, अब्राहमचा अबाजी, मोशेचा मुसाजी, शमुएलचा समाजी, यहेज्केलचा हसाजी. मुंबईत मशीद बंदरजवळ १७९६ साली पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधणारा माणूस समाजी हसाजी दिवेकर. नुसतं ऐकलं तर वाटेल आपल्या मावळ्यांपैकीच कोणी. एक नाव परक्या भाषेतून येतं आणि गाव त्याला आपल्या हाकेत बसवतो, जसा विठ्ठलाचा विठू आणि सखारामाचा सखो होतो तसंच.

हिब्रूमधलं अजून एक सांगते मग पुढे जाते. बेंजामिन. त्याची आई राहेल बाळंतपणात वाटेतच गेली, जाता जाता तिने नाव ठेवलं बेनओनी, माझ्या दुःखाचा मुलगा. बापाने ते बदलून बिन्यामीन केलं, उजव्या हाताचा मुलगा. दुःखाचं नाव मुलाने आयुष्यभर वागवावं की नाही, हा प्रश्न इतका जुना आहे. म्हणून म्हातारीचं नाव ठेवायचं हे सासूबाईंचं म्हणणं आणि तुझं नको म्हणणं, दोन्ही मला समजतं.

एक गोष्ट मात्र भिकी-धोंडूत मिसळू नकोस, नकुशी. ते नाव मुलीला वाचवण्यासाठी नव्हतं, मुलगीच नको म्हणून होतं. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा शेकडो मुलींची नावं समारंभ करून बदलली गेली आणि ते फार चांगलं झालं. भिकी म्हणजे मागून घेतलेली आणि नकुशी म्हणजे नको असलेली. वरवर दोन्ही 'वाईट नावं', आत जमीन-अस्मानाचा फरक.

वाराची नावं पटकन सांगते, कारण माझ्या मनाला ती लागून राहिलीत. अलिबागच्या शाळेत कातकरी वाडीवरची मुलं यायची, सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या, ज्या वारी जन्मली तो वार. आम्ही शिक्षक प्रवेशाच्या वेळी सोम्याचं सोमनाथ करून टाकायचो, मुलाचं भलं म्हणून, विचारायचोसुद्धा नाही. मग संयुक्त राष्ट्रसंघाच्या कोफी अन्नान यांच्याबद्दल वाचलं, घानामध्ये शुक्रवारी जन्मलेला मुलगा म्हणजे कोफी, आणि ते ८ एप्रिल १९३८ च्या शुक्रवारी जन्मले. म्हणजे जगातल्या एवढ्या मोठ्या पदावरचा माणूस शुक्र्याच होता, त्याचं नाव कुणी सुधारलं नाही. दुमिंग म्हणजेही पोर्तुगीज दोमिंगो, रविवार, देवाचा दिवस. आम्ही ती नावं बदलायला नको होती.

'देवाने दिलेला' या अर्थाचं नाव तर जवळपास प्रत्येक भाषेत आहे, आपल्याकडे देवदत्त, ग्रीकमध्ये थिओडोर, फारसीत खुदादाद, अरबीत अताउल्ला, हिब्रूत नथानिएल, रशियाकडे बोगदान. आपल्या गावातले दत्ताराम आणि दत्ता त्याच ओळीतले, दत्त म्हणजे दिलेला, अत्री ऋषींना दिला म्हणून दत्तात्रेय. 'देवाचा सेवक' तसंच, रामदास, अब्दुल्ला, ओबद्या. म्हणूनच नुसतं अब्दुल म्हणून हाक मारू नये, ते अर्धवट राहतं, अब्दुल म्हणजे फक्त 'चा सेवक', कुणाचा ते पुढे, रहमानचा, करीमचा. अरबी नावांचा अर्थ बघायचा तर तीन व्यंजनं शोधायची, ह-म-द म्हणजे स्तुती, त्यातून हामिद, अहमद, महमूद, मोहम्मद. स-ल-म म्हणजे शांती, सुखरूपपणा, त्यातून सलीम, सलमा, सलाम, आणि हिब्रू शालोमही त्याच मुळाचं. जसा आपल्याला धातू तशी त्यांना ही तीन अक्षरं, एकदा सापडली की सगळं कुटुंब दिसतं.

बरं, अक्षराचं. रोहिणीचे चार चरण, ओ, वा, वी, वू. २७ नक्षत्रं गुणिले ४ अशी १०८ अक्षरं, अवकहडा चक्र म्हणतात त्याला. त्यात हस्ताला ण आहे, आर्द्रेला ङ आहे, उत्तराभाद्रपदाला ञ आहे, आता ङ वरून नाव ठेवून दाखव कुणाला, भटजीही तिथं दुसरं अक्षर घेतात. म्हणजे सोय म्हणून बघायचं, धाक म्हणून नाही. पारस्कर गृह्यसूत्रात नामकरणाचे जुने नियम आहेत, मुलाचं नाव दोन नाहीतर चार अक्षरी, मुलीचं विषम अक्षरी आणि आकारान्त, पण त्यात हा तक्ता नाही. पाणिनीने तर थेट नक्षत्रावरून नावं कशी बनवायची त्याचे नियम दिलेत. मनुस्मृतीत उलट म्हटलंय की नक्षत्राचं, झाडाचं, नदीचं नाव असलेली मुलगी करू नये, आणि आपल्या घराघरात रोहिणी, रेवती, तुळसा, गोदावरी, भागीरथी नांदल्या. लोकांनी ऐकलंच नाही, आणि बरं झालं. कृत्तिका, अरबी सुरैया, फारसी परवीन आणि जपानचं सुबारू हे सगळं एकाच तारकापुंजाचं नाव आहे, तोच पुंज बघून चार मुलखांतल्या लोकांनी मुलींची नावं नाहीतर आणखी कशाची तरी नावं ठेवली. तुझ्या लेकीची रोहिणी त्याच्या शेजारचा लालसर तारा, रोहिणी म्हणजे तांबूस, आणि हे नाव आजही छान आहे.

अक्षर पाळायचंच असेल तर वाणी, विभा, वीणा ही सरळ अर्थाची नावं आहेत. विभा म्हणजे प्रकाश, कुठल्याही कोशात तेच सापडेल. वारुणी कुणी सुचवलं तर सांगून ठेवते, त्याचा एक अर्थ दारू असाही आहे. आणि कोश म्हणशील तर संस्कृतसाठी वामन शिवराम आपट्यांचा बघ, ते आपल्या सावंतवाडीकडचेच, मराठीसाठी मोल्सवर्थचा, पहिली आवृत्ती १८३१ सालची, दोन्ही नेटवर फुकट शोधता येतात. कोशात शब्दच नसेल आणि साइट पाच ओळी अर्थ देत असेल तर ती साइट बंद कर.

पण तू मला विचारलंस म्हणून माझ्या मनातलं सांगते, ओवी. रोहिणीचं पहिलंच अक्षर. मराठी शब्द आहे, ओवणे या क्रियापदावरून, फुलं ओवतो तसे शब्द ओवायचे. ज्ञानेश्वरांनी भगवद्गीता मराठीत सांगितली ती ओवीत, आणि पहाटे जात्यावर बसून आपल्या आज्या-पणज्यांनी जे रचलं, माहेराचं, भावाचं, लेकराचं, तीही ओवीच. दोन अक्षरं, हाक मारायला सोपं, मालवणी तोंडातही मोडत नाही, इंग्रजीत लिहिलं तरी फारसं बिघडत नाही. फिनलंडमध्ये ओवी म्हणजे दार, हेही शोधून ठेवलंय मी, उद्या मुलगी तिकडे शिकायला गेली तर तिला कोणी सांगेल त्याआधी तुला माहीत असू दे. पारस्करांच्या नियमात ते बसत नाही, दोन अक्षरं सम होतात आणि शेवटी आ नाही, पण लक्ष्मीही बसत नाही आणि गौरीही बसत नाही.

भिकीबाईंचं नाव जाऊ देऊ नकोस. आपल्यात पाळण्यातलं नाव वेगळं आणि व्यवहारातलं वेगळं असतंच ना, टिळकांचं पाळण्यातलं केशव होतं आणि जगाला माहीत आहेत ते बाळ. आत्या कानात कुर्र करेल तेव्हा आधी भिकीबाई म्हणू दे आणि मग ओवी. कागदावर ओवीच लाव. आणि बारशाच्या दिवशीच नोंद व्हायला हवी असं काही नाही, जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते पण त्यात नावाचा रकाना कोरा ठेवता येतो, नाव १२ महिन्यांपर्यंत फुकट घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. फक्त घालशील तेव्हा मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग स्वतः तपासून सही कर. माझ्या एका विद्यार्थिनीच्या दाखल्यावर एक वेलांटी चुकली होती, ती पासपोर्टच्या वेळी बाहेर आली आणि प्रतिज्ञापत्रं, राजपत्र असं सगळं करता करता वर्ष गेलं.

आणि आजेसासूबाईंजवळ बस एकदा निवांत, विचार त्यांना की त्यांच्या आधीची किती भावंडं गेली आणि नाव कुणी ठेवलं, त्यांच्या आईने की आजीने. तोंडातून जात्यावरची एखादी ओवी आली तर फोन चालू ठेव.